थांबवून पाहण्याचा प्रयोग

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाविषयी लिहा, पण लोकांना कळेल असं लिहा" असा निरोप धाडला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझं काम काय होतं हे माझ्या सख्ख्या भावाला अजून कळलेलं नाही. नागपुरात तो सगळ्यांना सांगतो की बहीण अमेरिकेत दारुड्यांवर संशोधन करायची. ऐकणारा जरा सरकून बसतो आणि विषय बदलतो. मग वाटलं, लिहावं. गेल्या हिवाळ्यापासून एक गोष्ट घशात अडकून बसली आहे, ती कुठेतरी उतरवायला हवी.

आधी धंदा सांगते. मी संख्याशास्त्रातली. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला एका संशोधन गटात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. मी दारू पिणाऱ्यांवर कधी संशोधन केलं नाही. इतरांनी केलेलं संशोधन गोळा करायचं, चाळायचं, त्यातलं विश्वासाचं कुठलं आणि वरवरचं कुठलं ते ठरवायचं, आणि सगळ्यांचं मिळून काय म्हणणं आहे ते चार ओळींत लिहायचं, हे माझं काम. धान्य निवडण्याचाच प्रकार, फक्त खड्यांपेक्षा वाद जास्त.

त्यातही माझ्या वाट्याला आला तो दारू सोडण्यासाठीचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम. इथे राहणाऱ्या सगळ्यांना तो ऐकून माहीत असतो. आपल्या घरातलं कुणी तिथे जात असेल तर मात्र कोणी बोलत नाही. चर्चच्या तळघरात नाहीतर एखाद्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून माणसं बसतात, त्याला मीटिंग म्हणतात. फक्त पहिलं नाव सांगायचं. दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं, आपल्याहून मोठ्या कुठल्यातरी शक्तीवर भार टाकायचा, ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची आणि मागून येणाऱ्याला हात द्यायचा. डॉक्टर नाही, फी नाही, हजेरीपट नाही. जुना माणूस नव्याला धरून असतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. आता याचा उपयोग होतो का, हा तो प्रश्न.

ऐकायला सोपा आहे. जाणाऱ्यांतले किती सुधारले, न जाणाऱ्यांतले किती, करा वजाबाकी. आमच्या मराठी मंडळातल्या इंजिनिअर लोकांनी मला हा उपाय जेवणाच्या रांगेत अनेकदा सुचवला आहे. पण रोज टेकडी चढून देवीला जाणाऱ्या बायका ठणठणीत असतात म्हणून देवी तब्येत सुधारते असं होत नाही. ज्यांचे गुडघे गेले त्या घरीच असतात, त्यांना कोण मोजतो? मीटिंगला टिकून राहणारा माणूस बरेचदा सोडायचं ठरवूनच आलेला असतो. मग त्याला मीटिंगनं सोडवलं की त्याच्या निश्चयानं? यावर उतारा म्हणजे चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना इकडे पाठवायचं, निम्म्यांना दुसऱ्या उपचाराला. पण मीटिंग सगळ्यांना खुली आणि फुकट. दुसऱ्या गटातला गडी संध्याकाळी गुपचूप तिथे जाऊन बसतो आणि आमचा हिशोब कोलमडतो.

इतकं करून हाती काहीच लागलं नाही असं नाही. जिथे शिकलेला समुपदेशक माणसाला या मीटिंगांशी व्यवस्थित जोडून देतो, तिथे दारू पूर्ण सुटण्याच्या बाबतीत हा मार्ग समुपदेशनाच्या इतर उपचारांच्या बरोबरीचा, काही वेळा थोडा सरस ठरतो, एवढं चांगल्या अभ्यासांवरून म्हणता येतं. कुणी आपणहून जाऊन बसला तर काय, हे तितक्या खात्रीनं सांगता येत नाही. दारूखेरीज इतर नशांबद्दल पुरावा आणखी विरळ. आणि अमुक एका माणसाचं काय होईल हे तर कुणालाच सांगता येत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीचं सार एवढंच.

हे एवढंसं सार लोकांना पचत नाही. एका वर्तमानपत्रातल्या बाईंनी मला फोन करून हो किंवा नाही, एका शब्दात उत्तर मागितलं होतं. मी पाऊण तास बोलले. त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्तमानपत्रातल्या गृहस्थांशीही तेवढाच वेळ बोलले. एकीकडे छापून आलं की या कार्यक्रमाचा उपयोग होतो, दुसरीकडे छापून आलं की काही पुरावा नाही. दोन्हीकडे माझं आडनाव मात्र बिनचूक होतं, इथे तेही नशीबच.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः फोनवर बसायची. अभ्यासात भाग घेतलेल्यांना अधूनमधून फोन करून विचारायचं, मधल्या काळात घेतलीत का? जो फोन उचलत नाही तो प्यायला लागला असं धरायचं, असा आमच्या क्षेत्रातला रिवाज. ऐकायला निष्ठुर वाटतो, पण बहुतेक वेळा खरा निघतो. एका गृहस्थांनी पहिले एक-दोन फोन घेतले आणि पुढे कधी म्हणून उचलला नाही. आम्ही त्यांना पिणाऱ्यांत घातलं आणि मोकळे झालो. पुढे एकदा किराणा दुकानात मी पालेभाजीचा भाव विचारत होते, तर मागून एक माणूस म्हणाला, तुम्ही त्या फोनवाल्या बाई ना? माझ्या इंग्रजीवरून त्यानं मला ओळखलं होतं. त्यानं थेंबही घेतला नव्हता. मग फोन का उचलला नाही, विचारलं तर म्हणाला, तुम्ही घेतली का असं विचारलंत की दिवसभर मला तेवढंच आठवायचं. मी हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, नियम तो नियम. तो बिचारा शेवटपर्यंत आमच्या दप्तरी पिणाराच राहिला. हा किस्सा मी पार्ट्यांमध्ये विनोद म्हणून सांगायची. हल्ली सांगवत नाही.

आता डॉक्टरांकडे येते.

डॉक्टर शरद बोंद्रे भूलतज्ज्ञ होते. त्यांची बायको उषा माझी मैत्रीण. स्टेट कॉलेजला तेव्हा आपली दुकानं नव्हती. उषा आणि मी गाडी काढून लांबच्या शहरात डाळ-तांदूळ, हिंग, पोहे आणायला जायचो आणि जाता-येता दोन्ही घरांची उणीदुणी काढायचो. त्या गप्पांत डॉक्टरांच्या पिण्याचा विषय असायचा, पण खालच्या आवाजात. उषा होती तोवर ते प्रमाणात घेत, निदान आम्ही तसं म्हणत असू. ती गेली आणि प्रमाण ठेवणारं माणूसच घरात उरलं नाही. निवृत्तीनंतर ते व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला आले, कारण मुलगी ऋचा तिथे एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला होती. तिच्या घरापासून चार गल्ल्या सोडून त्यांनी टाउनहाउस घेतलं. मीही पुढे तिथेच आले. म्हातारपणी ओळखीची माणसं जिथे, तिथे आपण.

लिव्हर बिघडल्याचं डॉक्टरांना रिपोर्ट येण्याआधीच कळलं होतं. दारू सुटायच्या गोळ्या घेऊन पाहिल्या, मग त्याही सोडल्या. ऋचा त्यांना मीटिंगला जा म्हणून सांगायची आणि ते हसून दुसरं काहीतरी बोलायचे. तेवढ्यात ऋचाला मुलगी झाली, मीरा. जावई कामासाठी आठवड्यातले बरेच दिवस जर्सी सिटीला असायचा. त्यामुळे ऋचा कामावर परतली तेव्हा असं ठरलं की दुपारी डेकेअरमधून मीराला आजोबा आणतील आणि संध्याकाळपर्यंत सांभाळतील. डॉक्टरांनी गाडीत मागच्या बाजूला बाळाची सीट बसवली. ती नीट बसली आहे ना, हे इथे फायर स्टेशनवर बघून देतात, तिथे जाऊन ते तपासूनही आले. उषा गेल्यानंतर मी त्यांना इतकं उत्साहात कधी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी ऋचा लवकर घरी आली आणि तिला वास आला. मीरा पाळण्यात झोपलेली होती, काही झालेलं नव्हतं. ऋचानं आरडाओरडा केला नाही. एवढंच सांगितलं की बाबा मीटिंगला जात राहतील तोवर मीरा त्यांच्याकडे, जाणार नसतील तर नाही.

दुसऱ्या एखाद्या घरात यावर रडारड झाली असती, शपथा झाल्या असत्या, कुणीतरी जेवण सोडलं असतं. बोंद्र्यांच्या घरात जर्नल क्लब झाला. डॉक्टर मंडळी एकत्र बसून एखाद्या शोधनिबंधाची चिरफाड करतात त्याला जर्नल क्लब म्हणतात. बाबा म्हणाले, पुरावा दाखव, जातो. लेक म्हणाली, दाखवते. आणि पंच म्हणून मला बोलावलं. आपल्या लोकांशिवाय ही अवदसा दुसऱ्या कुणाला आठवणार? शिकलेल्या माणसाला वाटतं की वाद नीट झाला की प्रश्न सुटला.

रविवारी सकाळी ऋचाच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो. तिनं उपमा केला होता. मीरा खाली चटईवर पालथी पडून मान उचलायचा सराव करत होती. डॉक्टरांनी निबंधांच्या प्रती काढून आणल्या होत्या, हिरव्या पेनानं खुणा केलेल्या. आणि ते बोलायला लागले. कित्येक महिने ज्यांच्या तोंडून धड वाक्य पुरं झालेलं ऐकलं नव्हतं, ते एकेक अभ्यास उचलून त्याची शकलं करत होते. या गटात आणि त्या गटात मुळात फरक किती होता, मध्येच गळालेल्यांचं काय केलं, निश्चयी माणूस वेगळा कसा काढणार. ऋचाही कमी नव्हती, पण बाप तयारीचा होता. मला, खोटं कशाला सांगू, आनंद होत होता. ते डोकं अजून शाबूत होतं. मोठ्या शक्तीवर भार टाकायचं तेवढं आपल्याच्यानं जमणार नाही असंही त्यांनी सांगितलं. ऋचा म्हणाली की गणपतीत आरती तर तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं म्हणता. ती चालीसाठी, ते म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. "सुलभाताई, एवढं सांगा. माझ्या बाबतीत उपयोग होईल का?"

"एका माणसाचं सांगता येत नाही, डॉक्टर."

"मग शोधून काढू या," ते म्हणाले.

आणि त्यांनी तिथल्या तिथे आराखडा मांडला. उन्हाळाभर मीटिंगला जायचं, अगदी मन लावून. सप्टेंबरात शाळा उघडल्या की बंद करायचं. फॉलभर, म्हणजे हिवाळा लागेपर्यंत, अजिबात जायचं नाही. मग दोन्ही काळांची तुलना करायची. दिसला फरक तर जन्मभर जाईन, नाही दिसला तर ऋचानं पुन्हा विषय काढायचा नाही. एखादं औषध एका ठरावीक माणसाला लागू पडतं का हे पाहायला ही पद्धत खरोखर वापरतात. देऊन पाहायचं, थांबवून पाहायचं.

मी स्पष्ट सांगितलं की हे चालणार नाही. गोळी थांबवल्यावर माणूस होता त्याच जागी परत येतो, अशा दुखण्यासाठी ती पद्धत आहे, सांधेदुखीसारख्या. तुमच्या लिव्हरला परत यायला जागाच उरलेली नाही. जायचं तर जा, पण थांबायचं कलम काढून टाका. ते म्हणाले, थांबायचं काढलं तर प्रयोग राहत नाही, नुसता सत्संग राहतो. मी आणखी बोलणार तेवढ्यात ऋचानं मला किचनमध्ये नेलं.

"मावशी, लेट हिम. जायला तर तयार झालेत ना," ती म्हणाली. "एकदा जायला लागले की थांबणारच नाहीत. बाबांना मी ओळखते ना यार."

मलाही तसंच वाटलं.

तो उन्हाळा आठवला की अजून बरं वाटतं, आणि लगेच वाईट वाटतं. डॉक्टर पहिल्या दिवशी नाक मुरडत गेले. तिथली कॉफी अगदी वाईट असते, ही त्यांची पहिली तक्रार. थोड्याच दिवसांत कॉफी करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मग चिवड्याचा डबा जाऊ लागला. त्यांचा स्पॉन्सर रे नावाचा एक विमा एजंट होता, अखंड बोलणारा. त्याला दुसऱ्याचं ऐकून घेणं ठाऊक नव्हतं. डॉक्टर त्याच्या नकला करून दाखवायचे. पण त्याचा रोज सकाळी येणारा फोन ते कधी चुकवत नसत. एकदा मला म्हणाले की इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना झोपवलं, त्यांचं बोलणं ऐकायची वेळच आली नाही, आता ऐकतो. रंग सुधारला, पायांची सूज उतरली. ऋचानं मीराची दुपार पुन्हा त्यांच्याकडे दिली. मी कधी त्या वेळी गेले तर मीरा त्यांच्या पोटावर झोपलेली असायची आणि ते हालचाल न करता टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट पाहत असायचे.

ऑगस्ट संपत आला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं ते प्रयोग विसरले असतील. ते विसरले नव्हते. कॉफीचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला शिकवूनही ठेवलं होतं.

"बंद करू नका," मी म्हटलं. "चाललंय ते चालू द्या."

"आता थांबलो नाही तर कधीच कळणार नाही, सुलभाताई. हे मीटिंगनं झालं, की मीरा आली म्हणून झालं?"

"कळायला कशाला हवं?"

ते हसायला लागले. "हे तुम्ही म्हणता?"

मग हसू ओसरल्यावर त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांना हवं होतं की ते मीरामुळे झालेलं असावं. किंवा स्वतःमुळे. तळघरातल्या परक्या माणसांनी आपल्याला वाचवलं, आणि पोटच्या पोरीला, उषाला इतकी वर्षं ते जमलं नाही, असं निघालं तर त्यांना सोसणार नव्हतं. पुराव्याचा वाद मला घालता येतो. हा वाद मला येत नव्हता. तरी मी हात जोडले, उषाची शपथ घातली, जे जे सुचलं ते केलं. त्यांनी मला चहा करून दिला आणि दारापर्यंत सोडायला आले. त्याच संध्याकाळी मी ऋचाला फोन केला. तिनंही बापाशी भांडून पाहिलं. त्यांचं एकच म्हणणं, तू शब्द दिला होतास, आता पाळ.

सप्टेंबरात ते मीटिंगला गेले नाहीत. रेचा फोन सकाळी वाजायचा, तोही उचलायचे नाहीत. उचलला तर थांबवण्याचा काळ स्वच्छ राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीचे काही आठवडे सगळं ठीक गेलं. ते थेंबही घेत नव्हते, म्हणून ऋचानं मीराची दुपार त्यांच्याकडेच राहू दिली. ते मला आपणहून फोन करायचे, अगदी विजयी आवाजात. बघा, मीरानंच केलं. मी फोन ठेवला की देवापुढे दिवा लावायची, आणि मी काही रोज दिवा लावणारी बाई नाही.

दिवाळीच्या आसपास त्यांचा फोन यायचा बंद झाला. मी केला तर उचलेनात. जो फोन उचलत नाही त्याला आम्ही कुठे घालतो ते वर लिहिलंच आहे. मी गाडी काढून गेले. त्यांनी दार उघडलं आणि सर्दी झालीय म्हणून दारातूनच वाटेला लावलं. त्याच आठवड्यात ते दुपारी डेकेअरमध्ये गेले आणि तिथल्या बायकांनी मीराला त्यांच्या ताब्यात दिलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवून ऋचाला बोलावून घेतलं. ऋचानं त्यांच्याच गाडीतून त्यांना घरी आणलं, मग परत त्या गाडीपाशी गेली आणि मागची सीट काढायला लागली. ती सीट डॉक्टरांनी इतकी पक्की बसवली होती की तिला एकटीला निघेना. शेजारच्या माणसाला हाक मारावी लागली. डॉक्टर वरच्या खिडकीतून पाहत होते, हे तिनंच मला सांगितलं.

त्यानंतर मीरा त्यांच्याकडे एकटी कधी राहिली नाही. ऋचाला दोष कसा द्यायचा? तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

रे त्यांच्या दाराशी जाऊन आला. एकदा नाही, बरेचदा. डॉक्टरांनी त्याला नम्रपणे सांगितलं म्हणे, की ठरलेली मुदत अजून संपलेली नाही. तो बडबड्या माणूस नुसता पायरीवर बसून राहिला आणि मग गेला.

डिसेंबरात डॉक्टरांना रक्ताची उलटी झाली. ऋचानं मला हॉस्पिटलमधूनच फोन केला. मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते, पिवळे पडलेले, पण डोळे तसेच चलाख. ऋचा कॉफी आणायला गेली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"निष्कर्ष काय?" त्यांनी विचारलं.

"उपयोग होत होता, डॉक्टर."

"एकाच माणसावरून?" ते म्हणाले. "तुम्ही असा निबंध नापास केला असता."

मी म्हटलं, निबंध गेला खड्ड्यात, इथून बाहेर पडा, मी स्वतः गाडी चालवत तुम्हाला मीटिंगला नेते. त्यांनी मान हलवली. तिथली माणसं काय करतील ते मला माहीत आहे, ते म्हणाले. काही विचारणार नाहीत. नुसती मिठी मारतील. ते मला नको. एवढं बोलून ते थकले. पुन्हा एकदा रक्त गेलं आणि ते थांबवता आलं नाही.

अंत्यदर्शनाला फ्युनरल होममध्ये मंडळाचे लोक आले होते, जुने डॉक्टर मित्र आले होते. मागच्या रांगेत काही अनोळखी माणसं बसली होती, कुणी सुटात, कुणी कामाच्या बुटांत. त्यांनी आपली पहिली नावं सांगितली. रेनं माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं, त्यातलं मला एवढंच आठवतं की मीटिंगमध्ये चिवडा संपल्यावर एकानं विचारलं होतं, डॉक ठीक आहे ना? आमच्या मंडळातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे लोक कोण. हॉस्पिटलमधले, असं मी सांगितलं. मरणानंतरसुद्धा माणसाची लाज आम्हीच राखत बसतो.

माझ्या धंद्याचा मला अभिमान होता, तो अजूनही थोडा आहे. जे माहीत नाही ते माहीत नाही असं ठामपणे म्हणणारी माणसं जगात कमी असतात, त्यांतली मी एक. आज कुणी विचारलं तर चांगल्या अभ्यासांबद्दल, आपणहून जाणाऱ्यांबद्दल, एकेका माणसाबद्दल मी अक्षरशः वर लिहिलं तेच सांगेन. त्यात एक शब्द बदलायची सोय नाही. एवढं अचूक बोलून एका घराला काय मिळालं, हा विचार करायला लागले की मात्र मला कशातच राम वाटत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा प्रश्न असेल तर कृपा करून मला ईमेल पाठवू नका. त्या माणसाला गाडीत घालून घेऊन जा.

मार्चमध्ये टाउनहाउस रिकामं करायचं होतं, म्हणून मी ऋचाच्या मदतीला गेले. जावई मीराला घेऊन घरी थांबला होता. आम्ही दोघी किचनमधली भांडी खोक्यांत भरत होतो. उषाच्या वेळचा कुकर, पोळपाट, पितळी डबा. मग एका खोक्याला टेप लावता लावता, माझ्याकडे न पाहता ऋचानं विचारलं.

"मावशी, त्या दिवशी मी तुला किचनमध्ये नेलं नसतं, आणि बाबा मीटिंगला जात राहिले असते, तर ते आज असते का?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. नाही गं, त्यांचं लिव्हर आधीच गेलं होतं, कशानंच काही झालं नसतं. एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयारही झालं होतं. आणि ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नव्हतं, कारण कुणाला ठाऊक?

"सांगता येत नाही, ऋचा," मी म्हणाले.

तिनं टेप दातांनी तोडली. खोकं भिंतीकडे सरकवलं.

"मावशी," ती म्हणाली, "आज तरी खोटं बोलायचं होतंस ना."